शिपिंग बिल भरण्याआधीची तयारी

वरुडच्या व्यापाऱ्यांनी विचारलंय की ऑनलाइन शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीच्या मालाचा कस्टमकडे द्यायचा अर्ज, कस्टम ब्रोकरच भरणार, मग आपण काय करायचं? भाऊ, भरतो तो, पण माहिती आपलीच जाते, अन् चुकीचा भुर्दंडही आपल्यालाच.

पहिले आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी क्रमांक, बघा. काहीच बदललं नसलं तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर तो अपडेट करावा लागतो, नाही तर निष्क्रिय होतो. मग बँकेकडून एडी कोडचं (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येतात तिच्या कोडचं) पत्र घेऊन तो आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, नोंदवा. हे गाडी भरायच्या दिवशी करू नका.

खरी गडबड मालाच्या कोडात (एचएस कोडात) होते. आपला नागपुरी संत्रा मँडरिन गटातला. 08051000 म्हणजे ऑरेंज, 08052100 म्हणजे मँडरिन. ब्रोकरशी आधीच ठरवून घ्या आणि इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल सगळीकडे एकच कोड ठेवा. फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रातलं मालाचं नाव अन् वजनही त्यांच्याशी जुळलं पाहिजे. वजन किलोत लिहा, निव्वळ वेगळं अन् क्रेटसकट वेगळं. नुसतं '900 क्रेट' लिहिलं की शंका निघते अन् गाडी उन्हात उभी राहते.

मूळ जिल्ह्याचा रकानाही सक्तीचा आहे. माल वरुडचा असेल तर अमरावतीच निवडायला सांगा, सवयीनं नागपूर पडू देऊ नका.

कापूसवाल्यांनी जीएसटी रिटर्नमधला इनव्हॉइस क्रमांक शिपिंग बिलाशी अक्षरन् अक्षर जुळवावा. एक आडवी रेघ सुटली तरी आयजीएसटीचा, म्हणजे निर्यातीवर भरलेल्या जीएसटीचा, परतावा अडकतो.