डाग गेला म्हणजे आयोडीन कमी?

ए-२०४ काकू: काल झोपताना हाताच्या आतल्या बाजूला टिंक्चर आयोडीनचा चौकोन काढला. सकाळी बघते तर साफ गायब! व्हिडिओत सांगितलं होतं, २४ तासांच्या आत डाग गेला तर शरीराने आयोडीन ओढून घेतलं, म्हणजे कमतरता. थेंब सुरू करू का?

सी-१०१ वहिनी: आमच्याकडे तिघांनी केलं. माझा संध्याकाळपर्यंत गेला, ह्यांचा रात्री, मुलाचा दुसऱ्या दिवशी दुपारी. मीठ तर एकाच बरणीतलं 😄

बी-३०२: काकू, थांबा, थेंब नको. मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते. आयोडीन उघड्यावर उडून जातं, बाटलीचं झाकण घट्ट लावायला म्हणूनच सांगतात. कातडीवर लावलेल्यातलं बरंचसं असंच हवेत जातं. थोडं आत जातं, थोड्याचं रंग नसलेलं आयोडाइड होतं. म्हणजे डाग दिसत नाही, पण आयोडीन तिथेच असू शकतं. घाम, उकाडा, पंखा, किती जाड थर लावला, यावर सगळा खेळ.

ए-२०४ काकू: पण शरीराला गरज असेल तर पटकन शोषेल ना?

बी-३०२: कातडीला काय ठाऊक थायरॉईडला काय हवंय? एक गंमत करा. काचेच्या बशीवर तेवढाच डाग लावून पंख्याखाली ठेवा. तोही फिका पडेल.

सी-१०१ वहिनी: म्हणजे बशीलाही कमतरता 😂

डी-४०५ काका: मग खरी तपासणी कोणती? रक्ताची?

बी-३०२: लघवीची, काका. पोटात गेलेल्या आयोडीनपैकी ९० टक्क्यांहून जास्त लघवीतून बाहेर पडतं. पण तीही मुळात लोकसमूहासाठी. समूहाचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावले की मधोमध येणारा, लिटरला १०० ते १९९ मायक्रोग्रॅम आला की पुरेसं धरतात. एकट्या माणसाचा आकडा आज एक, उद्या भलताच. साधारण १० नमुने तरी घ्यावे लागतात. रक्ताच्या टीएसएच तपासणीवरून थायरॉईड ग्रंथी कशी चाललीय ते कळतं, आयोडीन किती आहे ते नाही.

ए-२०४ काकू: अगं, थेंब तर मागवलेत. ल्युगॉल, म्हणजे आयोडीनचं द्रावण, ५ टक्के.

बी-३०२: उघडू नका! मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतात, गरोदरपणात २५०. त्या एका थेंबात साधारण ६ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट. जादा आयोडीननेही थायरॉईड बिघडतं, कुणाचं मंदावतं, कुणाचं भडकतं. थकवा येतो म्हणून शंका असेल तर डॉक्टरांना दाखवून टीएसएच करून घ्या.

ए-२०४ काकू: थकवा आहेच गं, म्हणून तर. उद्या जाते. बाटली फोडलेली नाही, परत घेतात का बघते.

डी-४०५ काका: मी बशीवर डाग लावलाय. सकाळी फोटो टाकतो.