नेमबाजीच्या रेंजवरच्या अपघाताची चौकशी क्लबनेच करायची?

खाडीकाठचा:
आमच्या जिल्ह्यातल्या एका एअर रायफल क्लबमध्ये मागच्या पावसाळ्यात रायफलचा हवेचा सिलिंडर मोठ्या टाकीवरून भरताना ॲडाप्टर, म्हणजे दोन्ही जोडणारा तुकडा, उडाला. मुलाच्या मनगटाला टाके पडले, डोळा थोडक्यात वाचला. चौकशीला बसले कोण? सचिव, सचिवांचे मेव्हणे, आणि त्या वेळी ज्यांच्या हातात व्हॉल्व्ह होता तेच प्रशिक्षक. गणपती उरकल्यावर निष्कर्ष आला: मुलाचा निष्काळजीपणा. ॲडाप्टर दाखवा म्हटलं, तर म्हणे भंगारात गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुटलेली वस्तू त्याच दिवशी सील व्हावी आणि तपासणारा माणूस क्लबच्या बाहेरचा असावा. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या कर्णी सिंह रेंजवर सिलिंडर भरतानाच स्फोट झाला आणि एका नेमबाजाचा अंगठा गेला. तेव्हा हे फक्त गावठी क्लबातच होतं असं कोणी म्हणू नये.

सड्यावरचा:
दादा, इथले क्लब कसे चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेचा हॉल, उसन्या रायफली, प्रशिक्षक नोकरी सांभाळून संध्याकाळी येणार. बाहेरचा माणूस आणायचा तर भाडंतोडं कोण देणार? आणि ‘चौकशी’ एवढं गावात फिरलं की पालक आधी मुलींना काढतात. मुळात आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमातच आहे, सिलिंडरची मुदत बघणं ही खेळाडूची जबाबदारी. क्लबने काय चुकीचं लिहिलं?

खाडीकाठचा:
तो नियम स्पर्धेला उतरणाऱ्या जाणत्या खेळाडूला ठीक आहे. इथे सिलिंडर क्लबचा, भरणारे सर, आणि तारीख बघायची आठवीतल्या पोराने?

तारकर्लीकर:
मी स्कूबावाला. रायफलवाले आमच्याकडे मोठी टाकी भरून न्यायला येतात, म्हणून सांगतो. रायफलचा सिलिंडर बहुधा २०० बारचा, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळपास शंभरपट दाब. आमच्या काही टाक्या ३०० च्या. तिथून भरताना गेजवरची नजर हटली की संपलं. त्यात आपली दमट हवा. कॉम्प्रेसरचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर पाणी आत जातं, सिलिंडर आतून खराब होतो आणि बाहेरून दिसतो नवाकोरा. तो ॲडाप्टर हातात असता तर आटे झिजले होते की दाब जास्त झाला होता, हे जाणकाराने बघून सांगितलं असतं. मुख्य पुरावाच विकलात की रे!

वकिलीण बाई:
बाहेरची चौकशी म्हटली की लोकांना पोलीस दिसतात आणि सगळे तोंड शिवून बसतात. ती भीती खोटी नाही. आज निदान प्रशिक्षक आपापसात तरी बोलतात.

खाडीकाठचा:
ताई, म्हणूनच ती पोलिसांपेक्षा वेगळी हवी. विमान अपघातांच्या आंतरराष्ट्रीय नियमात स्पष्ट लिहिलंय की तपास दोष ठरवायला नाही, पुढचा अपघात टाळायला आहे. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्तही रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीला रुळांवर दरड येऊन कोकण रेल्वेच्या गाड्या घसरल्या. पुढे कटिंगना, म्हणजे डोंगर कापलेल्या जागांना, जाळ्या लागल्या, पावसाळ्यात वेग उतरला. ड्रायव्हरला शिव्या घालून जाळ्या लागल्या नसत्या.

सड्यावरचा:
रेल्वे कुठे आणि आमचा हॉल कुठे!

मालवणी तिखला:
आमच्याकडे चौकशी म्हणजे पयला वाक्य, ‘कोणाक सांगू नको’. 😄

तारकर्लीकर:
पुण्याहून कशाला माणूस हवा? शेजारच्या जिल्ह्याचा नेमबाजीचा रेंज ऑफिसर आणि पॉलिटेक्निकमधले मेकॅनिकलचे सर. एसटीचं तिकीट आणि जेवण, एवढाच खर्च. आमच्यापैकी कोणी नको, टाकी आम्हीच भरलेली असते.

सड्यावरचा:
पॉलिटेक्निकचे सर चालतील. अहवाल नोटीस बोर्डावर लावायला मात्र माझा विरोध आहे. उद्या तोच कागद कोर्टात फिरेल.

खाडीकाठचा:
नावं गाळून लावा. पण ‘मुलाचा निष्काळजीपणा’ तुम्ही नावानिशी लिहिलात ना? तो कागद आधी मागे घ्या.