नेचं आणि वटवाघूळ: एकाच तक्त्यात तुलना कशी करायची?

रानवेली: अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटावरचं अ‍ॅनोग्रामा असेन्शनिस हे नेचं (फर्न) अतिसंकटग्रस्त आहे. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरचं फळखाऊ वटवाघूळ संकटग्रस्त, पण त्याची संख्या वीस हजारांच्या घरात. दोघांचा तक्ता करताना संख्या आणि धोक्याचा वर्ग एवढंच लिहिलं तर पुरेल का?

निशाचर: नाही पुरणार. हीच वटवाघळं 1970 च्या दशकात शंभराच्याही खाली गेली होती. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, आणि जंगलातली सगळी संख्या जेमतेम 108 चौरस किलोमीटरच्या एका बेटावर. चक्रीवादळाने झाडांवरची फळं झडली की वादळातून वाचलेलीही नंतर उपासमारीने मरतात. म्हणून ‘एका आपत्तीत किती जाऊ शकतात’ हा रकाना हवाच.

मोजणीची पद्धतही लिहा. तिन्हीसांजेला वटवाघळं बाहेर पडताना सगळ्या वसतिस्थानांवर एकाच वेळी माणसं बसवावी लागतात. आज एक जागा, उद्या दुसरी असं केलं की जागा बदललेली वटवाघळं दोनदा मोजली जातात. आईला चिकटलेलं पिल्लू मात्र सुटतं.

हंसराज: नेच्याचं गणित निराळं. ते 2003 मध्ये नामशेष जाहीर झालं आणि 2009 मध्ये बेटावरच्या ग्रीन माउंटन या डोंगराच्या उतारावर चार रोपं सापडली. बीजाणू (नेच्याला बीऐवजी येणारे सूक्ष्म कण) निर्जंतुक बाटलीतून लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात नेले आणि तिथे त्यांपासून नवी रोपं वाढवली. एका पानावर बीजाणू भरपूर असतात, तुटवडा त्यांचा नाहीच. बीजाणूपासून आधी नखाएवढाही नसलेला हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावरच्या नरपेशी मादीपेशीकडे पोहत जातात, त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. उतार सुकला की काम तिथेच थांबतं. त्यात बाहेरून आलेलं हंसराज (माझ्याच नावाचं दुसरं नेचं) ओलसर जागा आधीच व्यापून टाकतं. तक्त्यात बीजाणू धरलेली रोपंच मोजा. पापुद्रे धरले तर आकडा फसवा फुगेल.

रानवेली: मग ‘राखीव साठा’ असा रकाना दोघांनाही लागू पडेल?

हंसराज: पडेल, पण आत काय आहे ते वेगळं लिहा. नेच्यासाठी प्रयोगशाळेत जोपासलेली रोपं.

निशाचर: वटवाघळासाठी प्राणिसंग्रहालयांतले जिवंत थवे. तिथे नुसतं डोकी मोजून भागत नाही. सगळे थोड्याच मूळ वटवाघळांचे वंशज असल्याने कोणाची जोडी कोणाशी लावली, याची वंशनोंद ठेवावी लागते. मूळ किती होती, तो आकडा साठ्याच्या रकान्यात आधी लिहा.