अमेरिकन कॉलेज फुटबॉलची नॅशनल चॅम्पियनशिप: त्या रात्री तुम्ही कुठे होतात? (अनुभव धागा)

हा धागा काढायचं खूप दिवस मनात होतं. आम्ही मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावात, ॲन आर्बरमध्ये, 22 वर्षं राहतोय आणि त्यातली बरीच वर्षं फुटबॉलचा शनिवार म्हणजे आमच्या दृष्टीने नुसता ट्रॅफिक होता. गावात 1 लाख 7 हजार माणसांचं स्टेडियम, त्यामुळे भाजी आणायची तर सकाळी आठच्या आत नाहीतर थेट रविवारी. मग मुलगा मिशिगनच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला लागला आणि आम्ही शनिवारची वाट बघायला लागलो.

8 जानेवारी 2024, ह्यूस्टन, मिशिगन विरुद्ध वॉशिंग्टन, दोन्ही टीम 14-0, म्हणजे सगळ्या 14 मॅच जिंकून आलेल्या. बँड तिकडे गेलेला, आमच्याकडे चार मराठी घरं जमलेली, मी मुद्दाम मुगाची खिचडी टाकली होती कारण टेन्शनमध्ये दुसरं काही कुणाच्या घशाखाली उतरलं नसतं. पहिल्याच क्वार्टरमध्ये (मॅचचे चार भाग असतात) आमचा डोनोव्हन एडवर्ड्स 41 यार्ड पळाला, मग 46 यार्ड, दोन टचडाउन (बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार), आणि मी मात्र प्रत्येक वेळी कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला की बँडमध्ये आपला कुठे दिसतोय का ते शोधत होते. हाफटाइमला तरी दाखवतील म्हणून टीव्हीला चिकटून बसले तर आमच्या चॅनलवर सगळा वेळ जाहिराती आणि चर्चा. शेवटी शेवटी आमच्या सेनरिस्टिलने वॉशिंग्टनचा पास मधेच पकडून बॉल 81 यार्ड पळवत नेला तेव्हा सगळे उभे, आणि 34-13. आधीचं नॅशनल टायटल 1997 चं, म्हणजे आमचा मुलगा जन्मायच्याही आधीचं. रात्री एकला त्याचा फोन आला, मागे इतका आवाज की फक्त "आई ऐकतेस का, आई ऐकतेस का" एवढंच कळत होतं, आणि मी हो हो म्हणत रडत होते.

आता तुम्ही लिहा. कुठली फायनल, कुणाबरोबर बघितली, आणि हरलेल्यांनी तर नक्की लिहा.

ऑस्टिनचा_जुना_विद्यार्थी

माझी 2006 ची. 4 जानेवारी, टेक्सास विरुद्ध यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया), पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये. मी ऑगस्ट 2005 मध्ये ऑस्टिनला टेक्सास युनिव्हर्सिटीत एमएसला गेलो होतो, डिसेंबरच्या सुट्टीत सगळं कॅम्पस रिकामं झालेलं, राहिलो ते आम्ही, ज्यांना इंडियाचं तिकीट परवडत नव्हतं ते. दोन मराठी, एक तेलुगू, एक बांगलादेशी, एका अपार्टमेंटमध्ये, जुना टीव्ही अंगणातल्या सेलमधून आणलेला, बाजूला मारल्याशिवाय चित्र स्थिर होत नसे. नियम कुणालाच धड माहीत नव्हते. चार चान्समध्ये दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर परत चार चान्स, एवढं कळलं की बाकी हळूहळू समजतं.

यूएससी सलग 34 मॅच जिंकून आलेली, आणि शेवटची सहा-सात मिनिटं राहिली तेव्हा 38-26 ने पुढे. आम्ही भांडी घासायला उठलो होतो खरं सांगतो. मग टेक्सासचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) व्हिन्स यंग पेटला. एक टचडाउन झाला, मग यूएससीला चौथ्या चान्सला दोन यार्ड हवे होते ते आपल्या पोरांनी दिले नाहीत (बघा, 'आपल्या' कधी झाली ते मलाच कळलं नाही), आणि मग आपला चौथा चान्स, पाच यार्ड हवेत, यंगला पास द्यायला कुणी मोकळं दिसेना तर तो स्वतःच उजवीकडे कोपऱ्यात पळाला, 19 सेकंद बाकी. 41-38.

आम्ही तसेच चपला घालून कॅम्पसशेजारच्या ग्वाडालूप रस्त्यावर गेलो. गाड्यांचे हॉर्न, अनोळखी लोक मिठ्या मारतायत, मला तोपर्यंत चार महिन्यांत कुणी हात मिळवण्यापलीकडे स्पर्श केला नव्हता. युनिव्हर्सिटीचा टॉवर अख्खा केशरी, खिडक्यांच्या दिव्यांनी काढलेला 1 चा आकडा. कॉलिंग कार्डवर घरी फोन लावला, तिकडे सकाळचे साडेदहा-अकरा, आई म्हणाली एवढा का ओरडतोयस, काय झालं, म्हटलं आई आम्ही जिंकलो. ती म्हणाली, "तू खेळलास?"

सिॲटलहून

मूळ धाग्याबद्दल अभिनंदन, मनापासून. आम्ही त्याच मॅचमध्ये जांभळ्या बाजूला होतो, मुलगी वॉशिंग्टनला. आमच्याकडे संध्याकाळी साडेचारला सुरू झाली, अजून अंधारही पुरता पडला नव्हता. आमचा क्वार्टरबॅक पेनिक्स, त्याच्या गुडघ्याच्या आणि खांद्याच्या दुखापतींनी आधी चार सीझन गेलेले, तरी तो उभा राहिला, आदल्याच आठवड्यात टेक्ससविरुद्ध 430 यार्ड पास केले होते. त्या रात्री मात्र तो मार खाऊन खाऊन वाकून चालत होता आणि ते मला बघवेना. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत 20-13 होतं, वाटत होतं होईल. मुलगी काही बोलली नाही, जर्सी काढून घडी घालून ठेवली. इतकी नीट घडी तिने आयुष्यात घातली नव्हती.

जॉर्जियावाले_दोघं

आमच्या दोन आहेत आणि दोन्ही अलाबामाविरुद्धच. नवऱ्याचं एमएस अथेन्सच्या जॉर्जिया युनिव्हर्सिटीचं. जानेवारी 2018 ची फायनल अटलांटातच, आमच्या घरापासून 40 मिनिटांवर, हाफटाइमला आम्ही 13-0 पुढे. मग त्यांनी क्वार्टरबॅकच बदलला, टुआ नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा आणला आणि मॅच ओव्हरटाइममध्ये. आमचा 51 यार्डांचा फील्ड गोल (लाथेने बॉल दोन खांबांमधून) बसला, लगेच त्यांना 16 यार्ड मागे ढकललं, आम्ही सोफ्यावर उभे, पेढ्याचा बॉक्स उघडलेला. पुढच्याच प्लेला 41 यार्डांचा पास, टचडाउन, 26-23, संपलं. बॉक्स बंद करून फ्रीजमध्ये ठेवला तो आठवडाभर कुणी उघडला नाही.

2022 ला इंडियानापोलिसमध्ये परत तेच दोघे. शेजारचे आजोबा, वय सत्तरच्या आसपास, एकटे असतात म्हणून त्यांना बोलावलं. जॉर्जियाचं त्याआधीचं टायटल 1980 सीझनचं. चौथ्या क्वार्टरमध्ये आपण 18-13 ने मागे, ते काहीच बोलेनात, फक्त गुडघ्यावर हात चोळत होते. मग आमच्या क्वार्टरबॅक बेनेटचे दोन टचडाउन पास, आणि मिनिटभर उरलं असताना आमच्या केली रिंगोने अलाबामाचा पास मधेच पकडून 79 यार्ड पळून टचडाउन, 33-18. आजोबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि बायकोचं नाव घेतलं. 1980 ला ते दोघे एकत्र बघत होते म्हणे. माझ्या नवऱ्याने त्यांना पेढा भरवला, त्यांनी तो काय आहे न विचारता खाल्ला.

कोल्हापूरचा बाप

आमची पोरगी ॲन आर्बरला पीएचडी करतीया. 2024 ची ती मिशिगनची मॅच आमच्याकडं मंगळवारी सकाळी सहाला, तिनं व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर ठेवला, मी चहा घेऊन बसलो ते साडेनऊपर्यंत हललो नाही. नियम तिनं आधी समजावले, पण खरं सांगू का, आम्हाला शिकवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच ज्यानं बघितलीया त्याला एका गावाचा जीव एका टीममध्ये कसा अडकतो ते ठाऊक असतंय. बॉलच तेवढा वेगळा. मिशिगनचा कोरम टचडाउनला दुसऱ्यांदा घुसला तेव्हा पोरगी किंचाळली आणि तिची मैत्रीण, चिनी आहे ती, माझ्याकडं बघून हात हलवायला लागली, "अंकल, अंकल". परदेशात पोरगी एकटी आहे हा घोर दोन वर्षं होता, त्या सकाळी जरा हलका झाला.

सुट्टीत येताना तिनं मला पिवळा-निळा मफलर आणला. तो घालून शाहू स्टेडियमवर गेलो, पोरं विचारायला लागली, "काका, ही कुठली तालीम?" म्हटलं, आमच्या पोरीची.