जामीन मंजूर होऊन 11 दिवस झाले, भाऊ अजून आतच. जामीनदार कुठून आणू?

खाडीकाठची

नमस्कार. मी विजयदुर्ग खाडीच्या अलीकडची, देवगड तालुक्यातली. धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. गेल्या महिन्यात बंदरावर लिलावाच्या वेळी भांडण झालं, समोरच्याच्या हाताचं हाड मोडलं. चूक कोणाची ते कोर्ट ठरवील, त्यावर मी इथे काही लिहीत नाही. कलम अजामीनपात्र लागलं. वकील दिले, जामीन मंजूर झाला. 20,000 चा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. भाऊ मात्र तुरुंगातच आहे.

आमचा सातबारा पणजोबांपासूनचा. त्यावर 34 नावं, निम्मी माणसं वारलेली, उरलेली परळ-विरारला. वडिलांचं नाव आहे, पण त्यांचा हिस्सा वेगळा दाखवलेला नाही. मामा जामीन राहायला तयार आहेत. त्यांच्या एकट्याच्या नावावर हापूसची बाग आहे, पण ती खाडीपलीकडे, राजापूर तालुक्यात. आमच्या पडवीतून त्यांच्या वाडीतले दिवे दिसतात. कोर्टाबाहेर टायपिंग करणारा म्हणाला, "तो रत्नागिरी जिल्हा, चालणार नाही." वकीलसाहेबही फोनवर तेच म्हणाले, आणि आता फोन उचलत नाहीत. तोच टायपिंगवाला म्हणतो, 8,000 द्या, उद्या जामीनदार उभा करतो.

आई रोज सकाळी विचारते, "जामीन गावलो मां, मगे झील घराक कित्याक येना नाय?" तिला काय सांगू? हे 20,000 भरायचे असतात का? अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, दहा टक्के घेऊन कंपनीच सोडवते. तसं इथे काही आहे का? कृपया कोणी जाणकार असेल तर लिहा.

दादरचा_चाकरमानी

8,000 अजिबात देऊ नका. आमच्या वाडीतल्या एकाने असेच दिले होते. आलेल्या जामीनदाराचं रेशनकार्ड खोटं निघालं आणि पोरगा परत आत गेला, वर त्या कागदांची वेगळी चौकशी. आधी 15100 वर फोन लावा, विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, 31 वर्षं फौजदारी कोर्टात काढली, त्यातली बरीच जामिनाच्या टेबलावर. नीट वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

20,000 आज कोणालाही द्यायचे नाहीत. जातमुचलका म्हणजे भावाने लिहून द्यायचं की मी प्रत्येक तारखेला येईन, नाही आलो तर एवढी रक्कम भरीन. जामीनदारही तेच लिहून देतो, भावाच्या वतीने. भाऊ पळाला तर कोर्ट हे लिहून दिलेलं बंधपत्र जप्त करतं, नोटीस काढतं, आणि मग वसुलीची गोष्ट येते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कंपनी साधारण दहा टक्के घेते आणि ते पैसे परत मिळत नाहीत. आपल्याकडे जामीन राहणं हा धंदा नाही. ज्याला आरोपीबद्दल खात्री आहे त्यानेच राहायचं असतं. म्हणून तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 486 प्रमाणे जामीनदाराला आपण आणखी किती जणांना जामीन आहोत तेही लिहून द्यावं लागतं. टायपिंगवाल्याचा माणूस तिथे काय लिहिणार?

आता मामांचं. दुसऱ्या जिल्ह्याचा जामीनदार चालत नाही, हे 1978 सालीच सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढलंय. मध्य प्रदेशातला एक गवंडी होता. त्याच्याकडे 10,000 चा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गरीब माणसाला 1,000 च्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. 31 जानेवारी 2023 च्या आदेशातही स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका अडते हे सर्वोच्च न्यायालयाने लिहिलंय. त्याच आदेशात आहे की जामिनानंतर 7 दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. तुमचे 11 झाले.

मला एक सांगा, मामांचे कागद न्यायाधीशांपुढे गेले का? की बाहेरूनच परत आले? माझ्या अनुभवात "नाकारलं" म्हणून रडत येणाऱ्या बऱ्याच जणांचा कागद साहेबांपुढे ठेवलेलाच नसायचा.

सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, फोटो एवढं घेऊन मामांना स्वतः यायला सांगा. तहसीलचा ऐपतीचा दाखला मागितला आणि त्याला वेळ लागणार असेल, तर ऐपतीबद्दल प्रतिज्ञापत्र घेण्याचा अधिकार कोर्टाला आहे. नावं मात्र आदल्या रात्री ताडून बघा. एक आजोबा नातवासाठी आले होते, ऐन श्रावणात, सातबारा दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. सातबाऱ्यावर "बाळा", आधारवर "बाळकृष्ण". दोनदा एसटीने परत गेले. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, दोन्ही नावं माझीच असं प्रतिज्ञापत्र करा. अर्ध्या तासात काम झालं. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ते अजून मला लागून आहे.

तेही जमलं नाही तर रोख जामिनाचा अर्ज द्या. कोर्ट काही आठवड्यांची मुदत देऊन तात्पुरत्या रोख जामिनावर सोडू शकतं. रक्कम कोर्टात भरायची, पावती जपायची. रक्कमही जड असेल तर अट शिथिल करायला सांगता येतं. बंधपत्राची रक्कम अवाजवी नसावी असं कायदाच सांगतो.

आणि वकील फोन उचलत नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या लोकअभिरक्षक कार्यालयात जा, तिथे आरोपीला मोफत वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 मध्ये कोठडीतल्या माणसाला मोफत वकील आहे, तिथे उत्पन्नाचा दाखला आड येत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, अर्ज तिथेही घेतात. सकाळीच पोहोचा. सुटकेचा मेमो संध्याकाळी कैदी कोठडीत बंद झाल्यावर तुरुंगात गेला तर आणखी एक रात्र जाते.

वेंगुर्ल्याची_सून

काकांनी सगळं लिहिलंच आहे. मी मामांच्या बाजूने लिहिते. माझे सासरे शेजाऱ्याला जामीन राहिले होते. शेजारी गोव्याला कामाला गेला, दोन तारखा चुकवल्या, नोटीस सासऱ्यांच्या नावाने आली. सत्तरीच्या माणसाने रात्रभर ओटीवर बसून काढली. आपल्याला जामिनातून मोकळं करा असा अर्ज जामीनदार कधीही देऊ शकतो, हे त्यांना खूप उशिरा कळलं. मामांना हे आधीच सांगा.

आणि तुमचा भाऊ खलाशी आहे. जून-जुलैची मासेमारीबंदी सोडली तर बोट आठ-आठ दिवस समुद्रात. तारीख त्यात आली तर? त्या दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज वकिलांमार्फत गेलाच पाहिजे. तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, आत्ताच बोलून ठेवा.

खाडीकाठची

काका, ताई, दादा, कसे आभार मानू कळत नाही.

सोमवारी लोकअभिरक्षक कार्यालयात गेले. एक तरुण वकीलताई मिळाल्या, एक रुपया घेतला नाही. त्यांनी फाइल काढून बघितली. काका, तुम्ही म्हणालात तसंच, मामांचे कागद कोणी पुढे ठेवलेच नव्हते. बुधवारी मामा पहाटेच्या तरीने आले. सातबाऱ्यावर आणि आधारवर एकच नाव, मी तीनदा बघितलं होतं. साहेबांनी एवढंच विचारलं, आरोपीला किती वर्षं ओळखता? मामा म्हणाले, "तेच्या बारशाक मी होतंय, सायबानू." सही झाली. मेमो उशिरा पोहोचला म्हणून ती रात्र गेलीच. गुरुवारी सकाळी भाऊ बाहेर आला. दाढी वाढलेली, चपला दुसऱ्याच्याच.

मामांना नोटिशीचंही सांगितलं. ते म्हणाले, तारखेच्या आदल्या दिवशी मीच त्याला घरी घेऊन येईन. तांडेलाकडे तारीख लिहून दिली आहे.

एकच राहिलं. एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद जुन्या वकीलसाहेबांकडे आहेत. ते परत मागायला लेखी काय द्यावं लागतं? काका, जमलं तर सांगा.