लेऑफनंतर फ्रीलान्स मीडियाचं काम की ४०% कमी पगाराची नोकरी? गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ३९, भांडुपला राहते. एका मनोरंजन वाहिनीच्या प्रोमो डिपार्टमेंटमध्ये ९ वर्षं होते, रायटर-प्रोड्युसर. म्हणजे मालिकेचा तो ३० सेकंदांचा तुकडा लागतो ना, "आज रात्री ८ वाजता" वाला, तो लिहायचा, रशेसमधून (शूटिंगच्या कच्च्या फुटेजमधून) शॉट शोधायचे, एडिटरच्या मागे बसून कापून घ्यायचा, व्हॉइस ओव्हर करून घ्यायचा आणि वरून कोणी "अजून पंच पाहिजे" म्हटलं की परत पहिल्यापासून. मे संपता संपता एका सकाळी एचआरने मीटिंग लावली, १५ मिनिटांची, आमच्या मजल्यावरचे ११ जण. लॅपटॉप तिथेच ठेवून घेतला, आयकार्ड गेटवर. माझा डबा पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये राहिला तो राहिलाच. स्टीलचा चांगला तीन पुडांचा होता, सासूबाई अजून विचारतात.

घरी नवरा, आठवीतला मुलगा, सासूबाई (शुगर, बीपी दोन्ही). नवऱ्याचा पगार आहे पण घराचा हप्ता ३१ हजार आणि तो माझ्या खात्यातून जायचा. हातात मला ९२ हजार यायचे. फुल अँड फायनल (नोकरी सुटल्यावरचा शेवटचा हिशोब) अजून झालेलं नाही, "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकतेय.

आता दोन वाटा आहेत.

एक, घाटकोपरची एक कंटेंट एजन्सी. कायम नोकरी, हातात ५५ हजार, सहा दिवसांचा आठवडा, काम म्हणजे ब्रँडच्या रील्स. इंटरव्ह्यू घेणारा मुलगा २६-२७ चा असेल, चांगला होता बिचारा, पण "मॅम तुम्ही टीव्हीवाले जरा स्लो असता ना" म्हणाला. मी हसले. घरी येऊन दोन दिवस तेच डोक्यात.

दुसरी वाट फ्रीलान्स. माझे एक जुने बॉस आता वर्सोव्याला स्वतःचं प्रॉडक्शन हाऊस चालवतात, ते म्हणाले महिन्याला सहा प्रोमो देतो, प्रत्येकी ८ हजार. ठाण्याचे एक डॉक्टर आहेत, त्यांना यूट्यूबसाठी महिन्याला ८ व्हिडिओ लिहून आणि एडिट करून पाहिजेत, २० हजार देतील. शिवाय सबटायटलचं काम. त्यात मात्र गंमत झालीय, पूर्वी करायचे तेव्हा सरळ भाषांतराचे मिनिटाला ९० रुपये मिळायचे, आता म्हणतात मशीनने केलेलं आहे, तुम्ही फक्त तपासा, ४० रुपये. परवा सॅम्पल पाहिलं. "तो तिच्यावर पडला" असं लिहिलेलं, मूळ वाक्य तो तिच्या प्रेमात पडला असं होतं. तपासायचं म्हणजे सगळं नव्यानेच लिहायचं, फक्त पैसे निम्मे. ४२ मिनिटांचा एपिसोड करायला माझा दिवस जाईल आणि हातात १६८०. तरी महिन्याला ९ एपिसोड धरले तर १५ हजार.

असे ४८ अधिक २० अधिक १५, म्हणजे ८३ हजार. जुन्या पगाराच्या जवळच की! वर करी रोडला उतरून त्या पुलावरून माणसांच्या लोंढ्यात चालत जाणं नाही, मुलगा शाळेतून येईल तेव्हा मी घरात. मन तिकडेच ओढतंय हे लपवत नाही. नवरा म्हणतो तू ठरव, म्हणजे त्याच्या मनात नोकरी आहे.

प्रश्न असे: हे ८३ हजार खरे आहेत का? टॅक्सचं काय करायचं असतं, मला फक्त फॉर्म १६ माहितीय, कंपनी पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला देते तो. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम गेला त्याचं काय? आणि नोकरी घेऊन रात्री फ्रीलान्स असं दोन्ही जमतं का कोणाला? एजन्सीला गुरुवारी सांगायचंय.

---

रोजची८१२
नोकरी घ्या. हप्ता चालू असताना प्रयोग नको. बाकी सगळं नंतर.

टाइमलाइनवाला
ताई, मी १२ वर्षं फ्रीलान्स एडिटर आहे, वर्सोव्याच्या आरामनगरच्या गल्ल्यांमध्ये आयुष्य गेलं, म्हणून जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

८३ हजार खरे असतीलही, पण कोणत्या महिन्यात? तुम्ही सगळा हिशोब पगारासारखा मांडलाय, काम केलं की १ तारखेला पैसे. आमच्या धंद्यात असं बघा, जूनमध्ये प्रोमो केलेत, जुलैच्या पहिल्या आठवड्यात इनव्हॉइस दिलं, अकाउंट्सवाला म्हणणार पीओ (परचेस ऑर्डर, कामाची लेखी ऑर्डर) नंबर कुठाय, पीओ काढायला आठ-दहा दिवस, मग क्रेडिट ९० दिवसांचं, म्हणजे पैसे त्यानंतर. टीव्हीच्या लाइनीत ९० दिवस कोणाला वेगळं वाटतच नाही. म्हणजे जूनच्या कामाचे पैसे ऑक्टोबरात, गणपती होऊन गेले, दसरा आला तरी खात्यात शून्य, आणि तोवर तुम्ही जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचंही काम करून दिलेलं असतं, म्हणजे मधेच सोडूनही जाता येत नाही कारण तुमचेच पैसे तिकडे अडकलेत. प्रॉडक्शन हाऊस तरी काय करणार, त्यांना चॅनलकडून येतात तेव्हा ते देतात, नाही आले तर सगळ्यात आधी कोणाचे थांबतात? ज्याच्याशी कागद नाही त्याचे.

म्हणून मी आता तीन गोष्टींशिवाय मशीनला हात लावत नाही. काम सुरू करायच्या आधी ५०%. चेंजेसचे दोन राउंड, तिसऱ्याचे पैसे वेगळे. आणि हे सगळं मेलवर, व्हॉट्सॲपवर नाही. "सहा प्रोमो देतो" हे त्यांनी मेलवर लिहिलंय का? मालिका मध्येच बंद पडली तर सहाचे शून्य होतात, त्यात त्यांचा दोषही नसतो.

उलट डॉक्टरांचं काम तुम्ही यादीत मधे कुठेतरी टाकलंय. मी असतो तर पहिलं तेच धरलं असतं. ज्यांचा स्वतःचा चालता धंदा असतो ते महिन्याच्या महिन्याला देतात, त्यांना ९० दिवस हा शब्दच माहीत नसतो.

आणि "स्लो" वरून मनाला लावून घेऊ नका. त्या मुलाला ९ वर्षं रोज रात्री ८ च्या आत प्रोमो देऊन दाखवू दे.

आकडेमोड
टॅक्सचं मी सांगतो, स्वतः सीए नाही पण सीएच्या ऑफिसात २० वर्षं काढली.

पगारावर कंपनी सगळं बघत होती, आता तुम्ही धंदा करताय असं धरलं जातं. प्रोफेशनल फीवर १०% टीडीएस (पैसे देणाराच आधी कापून सरकारात भरतो तो टॅक्स) कापतात, म्हणजे ८ हजारांच्या प्रोमोचे हातात ७२००. एकाच पार्टीकडून वर्षाला ५० हजारांच्या आत असेल तर सहसा कापत नाहीत. कापलेला टीडीएस बुडत नाही, रिटर्न भरताना टॅक्समध्ये धरला जातो, जास्त कापला असेल तर रिफंड, पण पैसे वर्षभर अडकतात हे घरखर्चाच्या हिशोबात धरा. कापल्यावर त्यांनी तो सरकारात भरलाय का हे आयकर पोर्टलवरच्या टॅक्स जमा दाखवणाऱ्या स्टेटमेंटमध्ये (पूर्वीचं २६एएस) दर तिमाहीला बघत जा. कापून खिशात घालणारे महाभाग मी पाहिलेत.

सगळे ४४एडीए ४४एडीए करतात, म्हणजे मिळालेल्या रकमेच्या निम्मं उत्पन्न धरायचं, हिशोबाच्या वह्या नकोत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, सोय आहे तशीच आहे. पण ती ठरावीक व्यवसायांनाच मिळते. त्या यादीत सिनेमाचे कलाकार-तंत्रज्ञ येतात, एडिटर आणि कथा-पटकथा-संवाद लिहिणारेसुद्धा, पण टीव्हीचे प्रोमो, यूट्यूब, सबटायटल त्यात बसतं का यावर दोन सीए दोन मतं देतील. म्हणून हजार-दोन हजार फी देऊन एकदा नीट विचारा, मैत्रिणीच्या भावाला फोनवर विचारू नका. जीएसटीची काळजी इतक्यात नको, सेवेला वर्षाच्या २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. प्रोफेशनल टॅक्स मात्र लागतो, नोकरीत महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापायचे ना, तोच आता स्वतः वर्षाला २५०० भरायचा, त्याची वेगळी नोंदणी असते.

आणि आज रात्रीच करण्यासारखं काम म्हणजे उद्यम नोंदणी, लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर होते, पूर्ण फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर बाहेर पडा. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं कायद्याने बंधनकारक होतं, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याज लागतं आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. प्रत्यक्षात तक्रार कोण करतो, पुढचं काम जाईल म्हणून सगळे गप्प बसतात. पण मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही दिले नाहीत तर तो खर्च त्या कंपनीला त्या वर्षी टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे इनव्हॉइसवर उद्यम नंबर दिसला की अकाउंट्सवाला निदान मार्चच्या आधी तरी हलतो. फक्त नोंदणी काम घ्यायच्या आधीची पाहिजे, भांडण झाल्यावर काढून उपयोग नाही.

ग्रॅच्युइटी विसरू नका हो! ९ वर्षं झाली म्हणजे शेवटचा महिन्याचा बेसिक अधिक महागाई भत्ता (नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कायद्यात हा आकडा एकूण पगाराच्या निदान निम्मा धरतात) भागिले २६ गुणिले १५ गुणिले ९. नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. "प्रोसेसमध्ये" हे उत्तर फोनवर घेऊ नका, मेल करा.

निवांत_नाही
मेडिक्लेमचं सांगते कारण मी तिथेच चुकले. ग्रुप पॉलिसी साधारण शेवटच्या दिवशीच संपते. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, मग जुन्या आजारांसाठी जी वाट बघावी लागते त्यात आधीची वर्षं धरली जातात. मी "बघू नंतर" करत तीन महिने घालवले, नवीन घ्यायला गेले तर आईच्या शुगरमुळे सगळं पहिल्यापासून. तुमच्याकडे सासूबाई आहेत, उद्या सकाळी पहिला फोन विमा कंपनीला. एचआरला नाही, विमा कंपनीला. दिवस मोजलेले असतात. एक बरं आहे की वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरपासून गेलाय, नाहीतर १८% वरून होते.

टाइमलाइनवाला
दोन्ही एकदम जमतं का, तर एजन्सीचं ऑफर लेटर वाचा, बहुतेकांत बाहेरचं काम करायचं नाही असं कलम असतं. सही करायच्या आधी ते काढून मागता येतं, निदान "स्पर्धक नसलेल्यांचं चालेल" एवढं तरी. किंवा उलटं विचारा, आठवड्याचे चार दिवस रिटेनरवर (महिन्याच्या ठरलेल्या फीवर) घेता का. नाही म्हणतील, दुसरं काय करतील.

---

(धागाकर्ती) सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल-आज काय झालं ते सांगते.

विमा कंपनीला फोन केला, अजून मुदतीत आहे, फॉर्म आलाय मेलवर. उद्यम नोंदणी झाली, खरंच फुकट झाली, मुलाने करून दिली. ग्रॅच्युइटीचा मेल एचआरला टाकला, अजून उत्तर नाही.

मग धीर करून जुन्या बॉसना मेल केला, सहा प्रोमो, ५०% आधी, दोन राउंड, बाकीचे ४५ दिवसांत. मेलचं उत्तर आलं नाही, व्हॉट्सॲप आलं. "अगं आपल्यात कसलं ॲडव्हान्स, वेडी आहेस का, तू ये तर खरी." पुढे हसणारे तीन चेहरे. ९ वर्षांतली ५ मी त्यांच्या हाताखाली होते, मुलाच्या मुंजीला आले होते, म्हणून जास्त लागलं. वाईट माणूस नाहीये तो. पण पीओचं विचारलं त्यावर दोन निळ्या टिक (वाचल्याची खूण) आणि पुढे काही नाही.

तोच मेल नावं बदलून डॉक्टरांना पाठवला, जरा लाजतच, ते काय म्हणतील म्हणून. दहा मिनिटांत १० हजार यूपीआयने आले आणि वर विचारलं, पावती कधी देता.

एजन्सीला चार दिवसांचं विचारलं. तो २६ वर्षांचा मुलगाच म्हणाला, मॅम मी वर बोलून बघतो, पण मग ३८ च्या वर जमणार नाही आणि पगार नाही, कन्सल्टंट म्हणून. ३८ अधिक २०, टीडीएस जाऊन ५२ च्या आसपास होतात. बाहेरच्या कामाचं कलम काढायला तयार आहेत. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला म्हणजे ३ दिवस घरी असशील तर, आणि डबा कोणाचा करायचा या विषयावर गेला, म्हणजे बहुतेक हो आहे. वर्सोव्याला नाही म्हटलेलं नाही, पीओ आला की येते एवढंच कळवलंय. घाटकोपरहून मेट्रो थेट जाते म्हणा.

एकच राहिलं. सबटायटलवाले आता टेस्ट म्हणून आख्खा ४२ मिनिटांचा एपिसोड फुकट करून मागतायत. करायचा का?

टाइमलाइनवाला
दोन मिनिटांचा करून द्या. आख्खा मागतात ती टेस्ट नसते, तो त्यांचा उद्याचा एपिसोड असतो.