मदत हवी आहे: रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असताना जिभेखाली सॉर्बिट्रेट द्यावी का?

नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबासाठी सकाळी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिनची एकत्रित गोळी, रात्री मेटोप्रोलॉल, आणि प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन सुरू आहे. हृदयविकाराचे निदान अद्याप झालेले नाही.

आमच्या सोसायटीतील ज्येष्ठ मंडळींनी नुकतेच घरोघरी 'हार्ट अटॅक किट' वाटले. प्लास्टिकच्या लहानशा पाकिटात अ‍ॅस्पिरिन (रक्ताची गुठळी रोखणारी), छातीतील दुखण्यावर जिभेखाली ठेवायची ५ मिलिग्रॅमची सॉर्बिट्रेट आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी) आहे, आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीत 'छातीत दुखू लागताच तिन्ही द्या' एवढेच लिहिले आहे. हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. परंतु माणूस आधीपासून कोणती औषधे घेतो आणि त्या क्षणी त्याचा रक्तदाब किती आहे, याविषयी चिठ्ठीत एक अक्षरही नाही, आणि मला हीच गोष्ट घातक वाटते.

उन्हाळ्यात वडिलांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा १०० ते ११० च्या दरम्यान असतो आणि देवघरासमोरून उठताना ते भिंतीला हात लावून क्षणभर थांबतात. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. अ‍ॅम्लोडिपिन आणि टॅम्सुलोसिनही आपापल्या परीने तेच करतात. त्यात रक्तदाब घसरला की शरीर एरवी नाडी वाढवून तो सावरते, पण मेटोप्रोलॉल नेमकी तीच वाट अडवते. वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर सॉर्बिट्रेट देऊ नये, हे मला ठाऊक आहे. झटका हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला बसला असेल तर या गोळीने रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, आणि ते ईसीजीशिवाय घरी कळण्याचा मार्ग नाही.

आणखी एक मुद्दा घरात सहसा बोलला जात नाही. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही लैंगिक दुर्बलतेवरची औषधे आहेत; सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास सॉर्बिट्रेट वर्ज्य असते. टाडालाफिल तर प्रोस्टेटसाठीही देतात. मुलाने वडिलांना हे विचारणे अवघड असले, तरी मी विचारले. ते यांपैकी काही घेत नाहीत.

आता माझी अडचण अशी आहे की, छातीत दुखू लागले, रक्तदाब १०५ भरला आणि १०८ ची रुग्णवाहिका द्वारका चौकातील वाहतूक कोंडीत अडकली, तर त्यांना बसवून सॉर्बिट्रेट द्यावी, की अ‍ॅलर्जी वा रक्तस्रावाचा त्रास नसल्याने केवळ अ‍ॅस्पिरिन चावायला देऊन थांबावे? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण त्यामुळे काही मोलाचे हातचे जाईल का?

दुसरा प्रश्न रुग्णालयातील उपचारांचा आहे. मेटोप्रोलॉल घेणाऱ्याला शिरेतून व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (हीही नाडी मंदावणारी औषधे) दिल्यास नाडी धोकादायकरीत्या मंद होऊ शकते, म्हणून मी सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा लिहिलेला कागद फ्रिजच्या दारावर लावला आहे. तातडीच्या विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना किंवा परिचारिकांना अशा कागदावर आणखी काय लिहिलेले हवे असते? शेवटची गोळी किती वाजता घेतली, ही नोंद रोज ठेवावी का?

पुढच्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. त्यांना आणखी काय विचारावे, हेही जाणकारांनी कृपया सुचवावे.